‘काका, पाच मिनिटं!’: सोसायटीतल्या खेळाचा आवाज आणि त्यावरची भांडणं

मे महिना लागला की बहुतेक सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एक कागद चिकटतो. ‘सोसायटीच्या आवारात व पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल. हुकुमावरून, सेक्रेटरी.’ दोन दिवस सामसूम असते. तिसऱ्या दिवशी त्याच बोर्डाखाली विटांचे स्टंप उभे राहतात आणि संध्याकाळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज चढतो. मग आई-वडील खाली येतात, ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. कोणी म्हणतं ‘संस्कारच नाहीत’, कोणी म्हणतं ‘मग पोरांनी दिवसभर मोबाइलच बघायचा का?’ आणि दोन घरांमधलं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद होतं.

या वादात दोन समजुती हमखास भेटतात. पहिली अशी, की आवाजाविरुद्ध कायदा आहे, तेव्हा पोलीस नाहीतर कमिटी हे बंद करू शकते. दुसरी अशी, की मुलं आहेत, खेळणारच, त्यावर कोणी बोलायचं कारण नाही. दोन्ही अर्धवट आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: तक्रार आवाजाची म्हणून येते, पण मुळात ती बहुतेक वेळा ‘हे कधी थांबणार ते मला कळत नाही’ याची असते. हे एकदा ध्यानात घेतलं की काय करायचं ते पुष्कळ सोपं होतं.

आवाज इतका का टोचतो

डेसिबल हे माप साध्या बेरजेचं नाही. ५५ वरून ६५ झाले तर आकडा दहानेच वाढतो, पण आवाजाची ऊर्जा दहापट झालेली असते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. त्यातही आपला कान सगळे आवाज सारखे ऐकत नाही. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि लहान मुलांच्या किंचाळण्यातला बराच भाग याच पट्ट्यात येतो. म्हणून रस्त्यावरच्या बसची घरघर कानाआड करता येते, ‘आऊट है, आऊट है!’ करता येत नाही.

त्यात आपल्या इमारती. स्टिल्ट पार्किंगमध्ये वर स्लॅब, खाली पेव्हर ब्लॉक नाहीतर फरशी, बाजूला खांब आणि भिंती. आवाज शोषून घेईल असं तिथे काहीच नसतं, त्यामुळे एक आरोळी तीन ठिकाणी आपटून मग घरात शिरते. दोन विंग समोरासमोर असतील तर मधला चौक आवाज वर चढवतो. सातव्या मजल्यावरच्या बाई ‘मला खालचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं’ म्हणतात तेव्हा त्या फुगवून सांगत असतातच असं नाही.

बॉलची गोष्ट वेगळी. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर केलेल्या मोकळ्या जागेत, बास्केटबॉल आपटला की तो दणका स्लॅबमधून आणि खांबांतून लगतच्या घरांत जातो. खिडकी बंद करून तो थांबत नाही, कारण तो खिडकीतून आलेलाच नसतो. वरच्या मजल्यावर मूल धावतं तेव्हाही हेच होतं. अशा आवाजावर इलाज उगमाशीच करावा लागतो. खेळायच्या जागी रबरी मॅट टाका, घरात जाड सतरंजी किंवा फोमच्या चटया अंथरा. ऐकणाऱ्याने जाड पडदे लावून काही साधत नाही.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत १९७० च्या आसपास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोठे आवाज ऐकवत कामं करायला लावली. काहींना आवाज ठरावीक अंतराने येत होता, काहींना कधीही. नंतर शांततेत कोडी सोडवायला दिली, तेव्हा ‘कधीही’वाले लवकर हात टेकत होते, आणि मजकूर तपासताना त्यांच्या जास्त चुका सुटत होत्या. आणखी एका गटाला एक बटण दिलं: फारच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. आवाज तेवढाच राहिला, तरी नुसतं बटण हाताशी आहे एवढ्यानेच त्या लोकांची नंतरची चिकाटी टिकली.

तळमजल्यावरच्या काकांकडे हे बटण नसतं. त्यांच्या वाट्याला येतो तो हा संवाद:

‘काका, पाच मिनिटं!’

‘मघाशीही पाचच म्हणाला होतास.’

‘लास्ट ओव्हर आहे काका, प्रॉमिस.’

ओव्हर संपते, मॅच टाय होते, सुपर ओव्हर लागते. काकांचा पारा चढतो तो या अनिश्चिततेने. तेच क्रिकेट साडेसातला संपणार हे पक्कं ठाऊक असलेला माणूस सव्वासातला चहा घेत बसू शकतो.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

२००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागासाठी दोन मर्यादा देतात: दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. हे आकडे ग्रुपवर फार फिरतात, आणि त्यांच्या जोडीला मोबाइल ॲपचा स्क्रीनशॉट असतो: ‘बघा, ८५ आला!’ पण ५५ ही सरासरी आहे, ठरावीक काळात परिसरात जो आवाज असतो त्याची. एक आरोळी ८५ ला टेकली म्हणून नियम मोडला असं होत नाही. शिवाय याच नियमांप्रमाणे तक्रार करायची तर आवाज मर्यादेच्या १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त वर गेलेला हवा, नाहीतर रात्रीच्या बंधनांचा भंग झालेला हवा. फोनचा माइक हे काही प्रमाणित यंत्र नव्हे.

हे नियम वाचले तर त्यांचा रोख लाउडस्पीकर, वाद्यं, हॉर्न, फटाके, बांधकामाची यंत्रं यांच्यावर दिसतो. संध्याकाळी सहा वाजता डबा ऐसपैस खेळणाऱ्या पोरांबद्दल त्यांत अवाक्षर नाही. उलट मोठ्यांच्या उत्सवांसाठी सवलत आहे: सांस्कृतिक किंवा धार्मिक निमित्ताने राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरला परवानगी देऊ शकतं. ज्या आवारात नवरात्रात स्पीकरच्या भिंती लागतात, त्याच आवारात अकरा वर्षांच्या पोराने ‘हाउझॅट’ ओरडलं की शांततेची आठवण येते, हे मुलांच्याही लक्षात येतं बरं का.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ध्वनिप्रदूषणावरच्या निकालात म्हटलं, की शांत जगणं हा जीवनाच्या हक्काचाच भाग आहे आणि दुसऱ्याच्या कानावर आवाज लादण्याचा हक्क कोणालाही नाही. हे वाक्य तक्रारदाराच्या बाजूचं. दुसरीकडे, भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. यांतलं कोणतंही एक दुसऱ्याला गप्प करण्यासाठी वापरता येत नाही.

पोलिसांना फोन केला तर? ११२ ला फोन लावता येतो, माणसं येतात, समजावून जातात. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि बारापर्यंतच्या मुलाची समज पाहिली जाते. उलट चिडून कोणी मुलाला चापट मारली, तर गुन्हा त्या मोठ्या माणसावर नोंदू शकतो. संध्याकाळच्या खेळासाठी पोलीस हा उपाय मला तरी पटत नाही. शिवीगाळ, धमकी किंवा हाणामारी झाली तर गोष्ट वेगळी.

जर्मनीत याचा निकाल कायद्यानेच लावला गेला. तिथे पाळणाघरं आणि खेळाच्या मैदानांविरुद्ध शेजारी कोर्टात जायचे. २०११ मध्ये कायदा बदलला: पाळणाघर, खेळाचं मैदान अशा जागी मुलांचा जो आवाज होतो तो सर्वसाधारणपणे हानिकारक मानायचा नाही, आणि त्याला डेसिबलच्या मर्यादाही लावायच्या नाहीत. म्हणजे शिस्तीसाठी नावाजलेल्या देशानेही मुलांचा आवाज आणि यंत्राचा आवाज वेगवेगळ्या खात्यांत टाकला. तिथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता मात्र कसोशीने पाळली जाते.

उपविधी, दंड आणि विसरलेला नकाशा

आपल्याकडे खरा अधिकार सोसायटीकडे आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींत दोन तरतुदी कामाच्या आहेत. एक, कोणत्याही सभासदाने आपल्या सदनिकेत इतरांना उपद्रव किंवा त्रास होईल असं काही करू नये. दोन, आवारात खेळ खेळायचे ते त्यासाठी राखून ठेवलेल्या जागेतच, सर्वसाधारण सभेने घातलेल्या अटींनुसार.

दुसरी तरतूद पुन्हा वाचा. ती बंदी घालून थांबत नाही, ‘राखून ठेवलेली जागा’ असेल असं धरून चालते. नोटीस लावताना आधीचा अर्धा भाग लिहिला जातो आणि जागा राखायचा अर्धा भाग राहून जातो. शिवाय ‘हुकुमावरून’ लावलेल्या दंडाला फारसा आधार नसतो. दंड ठरवायचा तो सर्वसाधारण सभेने, आणि वसूल करायच्या आधी त्या सभासदाला नोटीस देऊन त्याची बाजू ऐकावी लागते. वॉचमनने बॉल जप्त करणं, सायकलच्या चाकाला साखळी घालणं, हे कुठल्याही उपविधीत बसत नाही.

तक्रार असेल तर ती लेखी द्या. कमिटीने पुढच्या बैठकीत तिच्यावर निर्णय घेऊन तो तक्रारदाराला कळवायचा असतो. ग्रुपवर टाकलेला आवाजी मेसेज म्हणजे तक्रार नव्हे. तुमची सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असोसिएशन असेल, पुण्यात अशा पुष्कळ आहेत, तर तुमचे उपविधी वेगळे असतात; ते डिक्लेरेशनसोबत, म्हणजे इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रासोबत, जोडलेले सापडतील.

आता नकाशाकडे येऊ. मुलं पार्किंगमध्ये का खेळतात? कारण खेळायची जागा दुसऱ्याच कशानेतरी खाल्लेली असते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांना १५ टक्के, अडीच हजारांच्या वर २० टक्के आणि दहा हजारांच्या वर २५ टक्के करमणुकीची मोकळी जागा ठेवणं सक्तीचं होतं. नकाशावर ती ‘आर.जी.’ (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणून दिसते. २०१३ मध्ये कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही किमान जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग दाखवून तिची भरपाई होत नाही. मुंबईबाहेरच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही ४००० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना १० टक्के मोकळी जागा आहे.

तेव्हा भांडणाआधी मंजूर नकाशाची प्रत मागवा. कागदावरच्या आर.जी.वर प्रत्यक्षात घरोघरच्या दुसऱ्या गाडीचं पार्किंग, जनरेटर, भंगाराचा ढीग किंवा ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावलेलं लॉन निघण्याची शक्यता बरीच असते. जाहिरातीत मुलं बागडताना दाखवून विकलेली जागा हीच. ती मोकळी करणं हे बंदीपेक्षा कष्टाचं काम आहे, कारण मग गाडी हलवायला सांगावी लागते, आणि गाडीचा मालक सभेला येतो, मुलं येत नाहीत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. खिडकीखालचा खेळ कुंपणाच्या कोपऱ्यात नेला तरी फरक जाणवतो.

टिकणारा ठराव

सर्वसाधारण सभेत मांडता येईल असा मसुदा देते. वेळा आपापल्या सोयीने बदला.

‘डी विंगमागील मोकळ्या जागेत मुलांना रोज सायंकाळी साडेपाच ते साडेसात आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ ते दहादेखील खेळता येईल. या वेळेत आरडाओरडा होणार हे सर्व सभासदांना मान्य आहे. त्याबद्दल तक्रार घेतली जाणार नाही. दुपारी एक ते चार आणि रात्री नऊनंतर आवारात बॉलचे खेळ, स्केटिंग व सायकलच्या शर्यती होणार नाहीत. क्रिकेट प्लास्टिकच्या किंवा मऊ बॉलनेच. काच फुटल्यास त्या वेळी खेळणाऱ्या सर्व मुलांच्या घरांनी खर्च वाटून घ्यावा. हा ठराव दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अमलात राहील, नंतर फेरविचार.’ खाली सूचक, अनुमोदक.

यातलं दुसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, आणि सभेत विरोध त्यालाच होतो. पण ते नसेल तर मुलांच्या बाजूने पाळायला कारणच उरत नाही; कसेही खेळले तरी ओरडा मिळणारच असेल तर वेळ कशाला सांभाळायची? काच सगळ्यांनी भरायची म्हटल्यावर मुलंच एकमेकांना आवरतात. दुपारच्या वेळेवरून पुण्याची चेष्टा करायची तर करा, पण रात्रपाळी करून आलेला माणूस आणि तान्हं बाळ तेव्हाच झोपतात.

वेळ संपल्याचं सांगायचं काम काकांकडे देऊ नका, वॉचमनकडे तर नकोच. सभासदांच्या मुलांना हटकणं आणि मग त्यांच्या वडिलांचं बोलणं खाणं हा त्याच्या पगारातला भाग नाही. मुलांतल्याच एकाला आठवडाभरासाठी कॅप्टन करा आणि त्याच्या घड्याळात गजर लावा. मुलं नियमांच्या बाबतीत कमिटीपेक्षा कडक असतात. ‘डायरेक्ट गॅलरीत गेला तर आऊट’, ‘गाडीला लागला तर आऊट आणि बॉल मारणाऱ्यानेच आणायचा’, ‘वन टप्पा एक हात’ हे कायदे त्यांनी कोणत्याही सभेशिवाय केलेत आणि ते पाळतात. ठरावाचा मसुदा आधी त्यांना दाखवलात तर ‘किंचाळलं तर टीमचे पाच रन वजा’ असं कलम ते स्वतःच सुचवतील.

बोलायला जायचं तर खेळ रंगात असताना जाऊ नका. गॅलरीतून ओरडून तर नकोच; सगळ्या विंगसमोर पाणउतारा झाला की आई-बाप आपल्या मुलाचीच बाजू घेणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवून, ‘वहिनी, यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दोन आठवडे जरा आमच्या खिडकीपासून लांब खेळवाल का पोरांना?’ एवढं पुरतं. ‘तुमचा मुलगा फार आगाऊ आहे’ म्हटलं की विषय संपला, भांडण सुरू. मुलांचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं हे तर मला सरळ गैर वाटतं, तक्रार कितीही खरी असो.

काही वेळा ठरावही पुरत नाही. एखाद्या मुलाला ऑटिझम असतो आणि त्याचं ओरडणं हा खेळ नसतो. तिथे वेळापत्रक आणि दंड दोन्ही गैरलागू, शेजाऱ्यांना पालकांच्या संमतीने नीट माहिती देणं एवढंच हाती असतं. एखाद्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं. त्या खिडकीखालची जागा कायमची वगळावी लागते. भाडेकरूंच्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. सभेत त्यांच्या आई-वडिलांना मत नसतं आणि नाव पहिलं त्यांच्याच मुलांचं येतं. ठराव सगळ्या मुलांना सारखा लागू आहे असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ध्या तासाची कपात मुलांकडून आधी मागून घेतली तर ती मिळते, लादली तर मिळत नाही.

पावसाळ्याचा विचार ठराव करतानाच करावा. मोकळ्या जागेत पाणी साचलं की सगळा खेळ जिन्यात, लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये आणि पुन्हा पार्किंगमध्ये येतो, आणि तिथे घुमणारा आवाज सर्वांत वाईट. क्लब हाउस असेल तर संध्याकाळी दोन तास मुलांसाठी उघडा. कॅरम, टेबल टेनिस, काहीही. नसेल तर स्टिल्टमधला कोणत्याही बेडरूमखाली न येणारा भाग निवडून तिथे मॅट टाका. मॅटचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा यावर कमिटीच्या दोन बैठका जातात, तेव्हा विषय मे महिन्यातच अजेंड्यावर घ्या.